मामांची जाळी

आमचे घरमालक मामा स्वतःच्याच घरात शिरण्याआधी खोकायचे. दाराशी थांबायचे, दोनदा खाकरायचे, डावा पाय उंबऱ्याबाहेर धपकन आपटायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा भलताच मर्यादशील आहे, आत बायको असेल म्हणून वर्दी देतोय. पुढे कळलं, ती वर्दी मामींना नव्हतीच. सापाला होती.

“आपण यायलोय हे त्याला कळायला पायजे की, टीचरम्मा,” ते म्हणाले. “त्याला आपल्यासारखे कान नाहीत. जमीन हलली की पोटाला कळतं. मग तो आपला आपण बाजूला होतो.”

“पण घरात साप आहे का?” माझा आवाज चांगलाच वर गेला असणार.

“आता नसंल,” मामा शांतपणे म्हणाले. “पण असला तर?”

त्यांचं सगळं वागणं ह्या ‘असला तर’वर चालायचं. चपला झटकून घालायच्या, जळणात हात घालण्याआधी फाटी हलवायची, अंधाऱ्या मोरीत आधी तांब्या वाजवायचा. साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. साप नसताना भुईला पाय लावून त्याची परवानगी मागणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. कुंभारीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, पण त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं आणि घरातली माझी कॉट गेली. मग कामगारांच्या वसाहतीत मामांच्या घरावरची पत्र्याची खोली घेतली. खाली मामा-मामी, मागे थोडी मोकळी जागा, तिथे मामींचं कोंबड्यांचं खुराडं, आणि त्यापलीकडे वेड्या बाभळींचं रान. वसाहतीत प्रत्येक घरामागे असंच खुराडं होतं. बाभळीत उंदीर, खुराड्यात पिल्लं आणि अंडी. सापांना दुसरं काय हवं?

मामा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारे. उमेदीची सगळी वर्षं खडखडाटात गेल्याने त्यांना ऐकू कमी यायचं आणि ते बोलायचे मोठ्याने. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सापाशी तेलुगूच. “घरचाच आहे की तो,” असं वर कारण. जगातली कुठलीही गोष्ट ते मागावरून समजावून सांगायचे. माझी वर्गातली पोरं ऐकत नाहीत म्हटलं, तर म्हणायचे, “ताणा ढिला पडलाय. ओढू नका, आधी गाठ कुठं सुटली ते बघा.” बऱ्याचदा त्यांचं बरोबर यायचं, म्हणून राग यायचा.

मामींनी जन्मभर विड्या वळल्या होत्या. आता बोटं आखडली होती, पान वळत नव्हतं. कोंबड्या ही त्यांची एकटीची इस्टेट. तांबडी, कवडी, मानमोडी अशी नावं ठेवलेली, आणि दिवसभर त्यांच्याशी भांडण चाललेलं. मामांशी मामी फारसं बोलायच्या नाहीत. जे सांगायचं ते कोंबडीला सांगायच्या, मोठ्याने, म्हणजे मामांना ऐकू जाईल. “ए तांबडे, तुझा मालक सापाचा जावई आहे गं, तुझं काय खरं नाही.”

मी राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत खुराड्यात धामण शिरली. मामी बोंबलत बाहेर आल्या, मी जिन्यावर थिजले. मामांनी काय केलं? खुर्ची आणली. खुराड्याचं दार सताड उघडलं, कोंबड्या बाहेर हाकलल्या, आणि चहाचा ग्लास घेऊन पाच हातांवर बसले. धामणीने एक पिल्लू गिळलं होतं, ती जडावली होती. मामा तिच्याशी तेलुगूत बोलत होते, बंद पडलेल्या मागाशी बोलावं तसं, थोडं चिडून, थोडं समजुतीने. चहा संपला, तरी बसून. शेवटी ती निघाली, भिंतीकडेने सरकत बाभळीत गेली. मामा उठले आणि मामींना म्हणाले, “अंडी दुपारीच उचलत जा. सांडलेले दाणे झाडून घे. दाण्याला उंदीर येतो, उंदराला हा येतो. बोलावणं आपलंच की.”

“आणि माझं पिल्लू?” मामींनी कवडीला विचारलं. कवडी काय बोलणार!

सापाला का मारायचं नाही असं विचारलं की मामा भडकायचे. “मारायला कारण लागतं, टीचरम्मा. न मारायला कशाला लागतंय?” धर्म, देव, पर्यावरण, त्यांनी कशाचाच आधार घेतला नाही. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. आज वाटतं, एवढं बिनआधाराचं काही माणसाने जवळ बाळगू नये. ते पडलं की सावरायला काहीच नसतं.

शेजारी हणमंता राहायचा. दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं विकून इथे मजुरीला आलेला. तगडा, दिलदार, वसाहतीत कुणाच्याही घरी साप निघाला की काठी घेऊन हाच पुढे. एकदा त्याने नाग मारला. नाग मारला की तसाच फेकत नाहीत. हणमंताने त्याला गोवऱ्यांवर ठेवलं, तोंडाशी तांब्याचा पैसा ठेवला, दूध शिंपडलं, हात जोडले आणि पेटवलं. मामा येऊन उभे राहिले.

“जिवंत होता तेव्हा हात का नाही जोडले?”

हणमंता ओशाळला, पण बायकोदेखत माघार कशी घेणार? “मामा, तुमाला साप लई प्यारा हाय, मान्य हाय. पर माजी चार पिल्लं खाल्ली त्येनं. उद्या पोरगी खुराड्यात हात घालंल, तवा काय करू? हात जोडून बसू व्हय?”

हणमंता चूक बोलत नव्हता हे मामांनाही कळत होतं. त्यांनी विझत आलेल्या जाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “खुराड्यात सापच आला नाही तर? मी जाळी करून देतो. एकेक घराला. साप आत येणार नाही. पण मग कुणी काठी घ्यायची नाही.”

“आन् आला तर?”

“आला तर काठी मी घेईन. माझ्या हातानं मारीन.”

गल्ली हसली. मामी हसल्या नाहीत. मला माहीत होतं, मामांनी आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं डावाला लावलं होतं.

मग मामांना जाळीचं वेड लागलं. आधी कारखान्यातल्या टाकाऊ सुताची विणली, ती उंदरांनी कुरतडली. मग नायलॉनचा बारीक, चिवट दोरा आणला. कळकाची एक कामटी तासून माप केलं, त्या मापावर गाठी मारायच्या, म्हणजे प्रत्येक भोक सारखं. दोन बोटांएवढं. पिल्लाचं अंग बाहेर पडू नये इतकं लहान, वारा अडू नये इतकं मोठं. गाठ मागवाल्यांची, ओढली की आवळणारी, कधीही न सरकणारी. त्यांचा हात इतका साफ होता की जाळी उन्हात धरली की नुसत्या सावलीने डोळे निवायचे.

“साप डोकं लावून बघणार,” ते मला समजावायचे. “थोडं आत घालणार, अंग जाईना म्हटल्यावर माघारी जाणार. मागातला धोटा कसा? ह्या पेटीला लागला की त्या पेटीकडं. पुढं गेलेलं माघारी येतंच की.”

सगळ्या गल्लीला त्यांनी एकट्याने पुरं कसं पडावं? मग दुपारी ओट्यावर बायका बसायला लागल्या. मामांनी त्यांना गाठ शिकवली. विड्या वळलेले हात ते, चटकन शिकले. हणमंताची बायको सगळ्यांत तरबेज. मामा तिच्या गाठी ओढून बघायचे आणि मान डोलवायचे, जशी त्यांनी कारखान्यात कुणासाठीही डोलवली नसेल.

आणि जाळीने काम केलं. साप येईनासे झाले. पिल्लं वाढली, मामींच्या मानमोडीची सगळीच्या सगळी जगली. गल्लीतली काठी कपडे वाळत घालायच्या कामी लागली. मामांचा रुबाब काय सांगावा! सकाळी फिरायला निघायचे, प्रत्येक खुराड्याची जाळी पुढून वाजवून बघायचे. “बघा टीचरम्मा, कुणी मेलं नाही. ना ह्या बाजूचं, ना त्या बाजूचं.” मीसुद्धा शाळेत पोरांना मामांची गोष्ट सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामींची तांबडी खुडूक बसायला कुठेतरी आडोशाला गेली. ती शोधायला मी आणि मामा खुराड्याच्या मागच्या अंगाला गेलो, बाभळीच्या बाजूला. तिथे काटे म्हणून कुणी जायचं नाही. आधी वास आला.

जाळीच्या खालच्या ओळीत धामण होती. डोकं आणि हातभर अंग आत, बाकी सगळं बाहेर, आणि मध्ये दोरा इतका रुतलेला की तो दिसत नव्हता, फक्त तिथे अंग दोन्हीकडून फुगलं होतं. सुटायला तिने पीळ घातले होते आणि प्रत्येक पिळाबरोबर आणखी एका भोकात अडकली होती. मामा खाली बसले. कमरेची धाग्याची छोटी कात्री काढली, तेलुगूत पुटपुटत दोरा कापायला लागले. “पाणी आणा, पाणी.” मी पाणी आणलं. त्यांनी तिच्या डोक्यावर ओतलं. ती मेली होती. मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण ते कापत राहिले.

मग त्यांची नजर पुढे गेली. त्याच ओळीत जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं काहीतरी वाळून लटकत होतं. त्यापुढे आणखी एक, वाळून बोटाएवढं झालेलं. सापाचं पिल्लू असणार.

मामा उठले आणि हणमंताच्या घरामागे गेले. मग त्याच्या पुढच्या. एकेका घरामागे, काट्यांतून, धोतर फाडून घेत. मी मागोमाग. प्रत्येक ठिकाणी होतं. कुठे वाळलेलं, कुठे मुंग्या लागलेलं. एका घरामागे एक जिवंत सापडला, तस्कर जातीचा लहान साप. मामांनी मला ओला फडका त्याच्या डोक्यावर धरायला लावला आणि शेपटीकडून एकेक दोरा कापत आले. तो सुटला आणि गेला. मामा तिथेच मातीत बसून राहिले.

“खवले मागं झुकलेले असतात की,” ते म्हणाले. “पुढं जाताना सपाट. माघारी ओढलं की उभे राहतात. अडकतात.” मग माझ्याकडे बघून, लहान मुलाने विचारावं तसं, “साप धोट्यासारखा नसतो, टीचरम्मा. मी बघितलंच नाही. रोज पुढून वाजवून बघत होतो.”

साप येईनासे झाले होते ते का, हे मला तेव्हा कळलं. हणमंताची काठी वर्षाकाठी एखाद-दुसरा मारायची. ह्या माणसाच्या दयेने सबंध रान साफ केलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी गल्लीला लिंबाखाली गोळा केलं. जाळी किती वाईट, कसा जीव जातो, ऊन, तहान, सगळं सांगितलं. बोलताना आवाज फुटत होता. शेवटी हात जोडले. “जाळ्या काढा. त्या जागी बारीक लोखंडी जाळी लावू, खाली पत्रा लावू. मी स्वतः ठोकून देतो.”

हणमंता उठला, प्रेमाने मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मामा, तुमी उगंच जिवाला लावून घ्यायलाव. तुमचा शबूद खरा झाला की! साप आत आला न्हाय. साप बी गेला, काठी बी मोडली न्हाय. पैसा ठेवाया नको, जाळाया नको. आमाला पाप न्हाय, तुमाला पाप न्हाय. लई भारी काम केलंय तुमी.”

“अरे, ते मरायलेत!”

“आपुण कुटं मारतोय? त्येच येऊन अडकत्यात.”

बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर विचारलं, तिच्या बहिणीला जाळी हवी आहे, मामा विणून देतील का? मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पहिल्यांदाच कोंबडीला मध्ये न घेता त्यांना थेट उत्तर दिलं. “आपल्या घरची काढा. पत्रा लावा. पण दुसऱ्यांच्या कोंबड्यांवर तुमचा हक्क नाही.”

त्यांनी आपली काढली, लोखंडी जाळी ठोकली. पण तेवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? रोज पहाटे कात्री घेऊन निघायला लागले. लोकांच्या खुराड्यांमागे जाऊन खालची ओळ कापायचे. लोक उठायचे, बघायचे, आणि बायका चहा व्हायच्या आत गाठ मारून भोक बुजवायच्या. मामांनीच शिकवलेली गाठ, न सरकणारी. ते कापायचे त्यापेक्षा त्या लवकर विणायच्या. मला वरून दिसायचं. हसावं की रडावं कळायचं नाही. मग फक्त रडावंसं वाटायचं.

मग एका सकाळी त्यांनी कापलेल्या भोकातून मुंगूस शिरलं आणि हणमंताच्या खुराड्यात एकही पिल्लू उरलं नाही. हणमंताची बायको दारात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडत होती. “मामा, तुमीच शिकवलं, तुमीच मोडायलाव. आमी काय केलं तुमचं?” मामांनी खिशातली कात्री काढून मामींच्या हातात दिली. परत कधी घेतली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी खोकणं सोडलं. दाराशी न थांबता सरळ आत शिरायचे. चपला न झटकता पाय घालायचे. मी एकदा विचारलं, “मामा, पाय नाही आपटलात?”

“कुणाला सांगायचं, टीचरम्मा?” ते म्हणाले. “कोण राहिलंय?”

पुढे माझं लग्न झालं, मी जुळे सोलापूरला राहायला गेले. मामांची छाती कारखान्याच्या तुसाने आधीच भरलेली होती. ते गेले तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं. गेल्या उन्हाळ्यात मामींना भेटायला कुंभारीला गेले. मामी वाकल्या होत्या, पण खुराडं भरलेलं होतं. पत्रा आणि लोखंडी जाळी तशीच. “एवढी तरी राहू दे म्हटलं,” त्या म्हणाल्या. ह्या वेळीही कोंबडीला नाही, मलाच.

बाकी वसाहतभर नायलॉन. आता दुसऱ्या गल्ल्यांतसुद्धा. हणमंता मला बघून भिंतीपाशी आला, केस पांढरे झालेले, हसणं तेच. “टीचरबाई, मामांची जाळी म्हंत्यात हिला आता. लांबलांबचे लोक गाठ शिकाया येत्यात माज्या बायकूकडं.” मग छातीवर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाला, “मामांना दिल्याला शबूद पाळलाय बरं का आमी. त्या दिसापासनं एका सापाला काठी लावली न्हाय.”

तो बोलत असतानाच मला त्याच्या खुराड्याची जाळी हलताना दिसली. वारा नव्हता. मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. धामण होती, हातभर आत गेलेली, जिवंत. हणमंताची बायको मागून म्हणाली, “राहू द्या की, टीचर. उन्हात नका बसू. दुपारपातुर हुतंय गप.” तिच्या आवाजात काहीही वाईट नव्हतं.

मामी त्यांच्या बाजूने भिंतीपाशी आल्या होत्या. त्यांनी वरून हात पुढे केला. हातात मामांची कात्री होती.

मी ओढणी भिजवून धामणीच्या डोक्यावर टाकली आणि शेपटीकडून एकेक दोरा कापत आले. हणमंता अडवायला आला नाही. मामांची आठवण म्हणून त्याने तेवढं मला करू दिलं, आणि त्याची बायको नवा दोरा आणायला आत गेली. शेवटचा दोरा तुटला. धामण थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग सरकली.

बाभळीकडे जाईल असं मला वाटलं. ती भिंतीकडेने पलीकडच्या घराकडे निघाली. तिथल्या खुराड्याची जाळी नवी होती, उन्हात चमकत होती. तिला वळवायचं म्हणून मी मोठ्याने खोकले आणि डावा पाय जमिनीवर आपटला. पोटाला कळलं असावं. तिने वेग वाढवला आणि ती भिंतीखालच्या फटीतून पलीकडे गेली.